केसपेपरवर न लिहिलेले काम

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग. तो विरळा असला तरी त्याचे मुख्य कारण ठाऊक आहे: श्वासावाटे शरीरात गेलेले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू. २००९ साली ब्रिटनमध्ये या रोगाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५१२ पुरुष आणि ११० स्त्रिया अशा रुग्णांना आयुष्यभरात कुठे कुठे काम केले, कुठे राहिलात, घरातली माणसे काय काम करत होती, हे सगळे तपशिलाने विचारण्यात आले. पुरुषांमधल्या १४ टक्के रुग्णांचा आजार कामावरच्या किंवा घरातल्या अ‍ॅस्बेस्टॉसशी जोडता आला नाही. स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ६२ टक्के निघाले. या आकड्याचे दोन अर्थ लावता येतात. एक असा की स्त्रियांना हा रोग बहुतांशी दुसऱ्याच कशाने होतो. दुसरा असा की स्त्रियांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी जो संबंध येतो तो प्रश्नावलीत, हजेरीपटात आणि खुद्द त्यांच्या आठवणीतही नीट उमटत नाही. पहिल्या अर्थात काही तथ्य आहे आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण गेल्या सव्वाशे वर्षांचा पुरावा एकत्र ठेवला तर दुसऱ्या अर्थाचे पारडे जड आहे, असे माझे ठाम मत आहे. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने तर तोच अधिक महत्त्वाचा आहे.

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे, पण ते दगडासारखे न फुटता धाग्यासारखे सुटते. त्याचा तंतू उभा चिरत जातो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया हवेत तरंगत राहतात. साधी धूळ नाकात आणि श्वासनलिकेत अडकते, खोकल्यातून बाहेर पडते. हे तंतू इतके बारीक असतात की थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू पेशीत मावत नाही. पेशी मरते, तिच्यातली दाहक द्रव्ये आसपास सांडतात, दुसरी पेशी येते आणि तेच पुन्हा घडते. शरीराला हा तंतू विरघळवता येत नाही, म्हणून हा दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. त्यातून फुप्फुसावर व्रण धरत जातात आणि ते कडक होते, हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. काही तंतू फुप्फुसाच्या आवरणापर्यंत सरकतात, काही पोटाच्या आवरणापर्यंत आणि बीजांडकोशापर्यंतही पोचतात. पेशींच्या गुणसूत्रांना होणारी इजा साठत साठत कर्करोगाला वाट करून देते. या सगळ्याला लागणारा काळ हा या आजाराचा सर्वांत घातक गुण आहे. मेसोथेलिओमा पहिल्या संपर्कानंतर साधारण वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो आणि निदान झाल्यावर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षच जगतात. विशीत केलेल्या कामाचा आजार साठीत येतो. तोवर कारखाना बंद झालेला असतो, मुकादम वारलेला असतो, मस्टरचे कागद रद्दीत गेलेले असतात. म्हणून या आजारात वैद्यकीय पुराव्याइतकेच कामाच्या नोंदीला महत्त्व आहे. ज्याच्या कामाची नोंद टिकते त्याचाच आजार मोजला जातो.

स्त्रियांच्या वाट्याला हे काम उशिरा किंवा चुकून आले असे मात्र नाही. अ‍ॅस्बेस्टॉसचा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो कापडउद्योगाच्या अंगाने. तंतू पिंजायचे, त्याचे पेळू करायचे, सूत कातायचे, कापड विणायचे, बॉयलरवर घालायच्या गाद्या भरून शिवायच्या, ही सगळी कामे इंग्लंडच्या गिरणीपट्ट्यात आधीपासून बायका करत होत्या. फक्त कापसाच्या जागी दगडाचा तंतू आला. त्यामुळे धोक्याची पहिली सरकारी नोंदही स्त्रियांच्या हातूनच झाली. १८९८ सालच्या ब्रिटिश कारखाना-अहवालात ल्युसी डीन या महिला निरीक्षकाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल इशारा दिला. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे धारदार, दातेरी दिसतात आणि ती जिथे खोलीच्या हवेत तरंगत राहते तिथे तिचे अपाय दिसून येतात, असा तिचा आशय होता. वैद्यकीय वाङ्मयात मृत्यूचे कारण म्हणून नीट वर्णन झालेला पहिला रुग्णही स्त्रीच. लँकेशायरमधल्या रॉचडेलची नेली केर्शॉ टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातत असे. १९२४ साली, तेहतिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या डॉक्टरने आजाराचा संबंध अ‍ॅस्बेस्टॉसशी जोडला होता, पण कंपनीने असा काही आजार असल्याचेच नाकारले आणि नुकसानभरपाई दिली नाही. शवविच्छेदनात डॉ. विल्यम कुक यांना तिच्या फुप्फुसात क्षयाच्या जुन्या खुणाही सापडल्या. पण व्रण इतके व्यापक होते आणि त्यांत खनिजाचे कण इतके स्पष्ट होते की केवळ क्षयाने त्यांचा उलगडा होत नव्हता. त्यांनी ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले आणि पुढे १९२७ मध्ये या आजाराला नाव दिले. क्षयाच्या सावलीत झाकले जाणारे हे निदान लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे ती सावली अजून गडद आहे.

यानंतर सरकारने चौकशी केली. मेरीवेदर आणि प्राइस यांनी १९३० मध्ये दिलेल्या अहवालात तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांना, म्हणजे चौघांत एकाहून अधिक जणांना, फुप्फुसाचे व्रण आढळले. १९३१ मध्ये नियम आले, धूळ ओढून घेणारी यंत्रे सक्तीची झाली. म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस कळला तो स्त्री-पुरुष दोघांना एकत्र पाहून. कर्करोगाकडे वळताना मात्र चौकट बदलली. रिचर्ड डॉल यांचा १९५५ चा प्रसिद्ध अभ्यास याच रॉचडेलच्या कारखान्यातला. त्यात किमान वीस वर्षे धुळीच्या जागी काम केलेल्या ११३ जणांचा समावेश होता आणि ते सगळे पुरुष होते. फुप्फुसाच्या कर्करोगाने एकही मृत्यू जेमतेम अपेक्षित होता, तिथे ११ झाले. हा अभ्यास भक्कम होता, त्याने पुष्कळ जीव वाचवले असणार, आणि डॉल यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण वीस वर्षे सलग नोकरी ही अट घातली की लग्न झाल्यावर काम सोडणारी, मूल झाल्यावर सोडणारी, मूल मोठे झाल्यावर दुसऱ्या कारखान्यात लागणारी बाई बहुतेक वेळा आपोआप गळते. पुढची कित्येक वर्षे धोका म्हणजे दीर्घ, अखंड नोकरीचा धोका अशी समजूत राहिली. थोडे महिने काम केलेल्या बाईने भिण्यासारखे काही नाही, असा त्याचा अध्याहृत अर्थ होता.

ही समजूत मोडली तीही स्त्रियांच्याच आजाराने. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ब्रिटनमध्ये लक्षावधी गॅस-मास्क तयार झाले. सैनिकांसाठीच्या मास्कच्या गाळणीत निळा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रोसिडोलाइट, वापरला जाई. नॉटिंगहॅम आणि लँकेशायरमधल्या कारखान्यांत हे काम प्रामुख्याने तरुण मुलींनी केले आणि युद्ध सरल्यावर किंवा त्याआधीच त्या घरी परतल्या. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांच्यात मेसोथेलिओमा दिसू लागला आणि पुढे दशकानुदशके दिसत राहिला. नोकरी अल्पकाळाची होती, पण तंतू आयुष्यभर अंगात राहिला. यॉर्कशरच्या हेब्डन ब्रिजजवळच्या एकर मिलमध्ये सतराव्या वर्षी अवघे नऊ महिने काम केलेल्या अ‍ॅलिस जेफरसन यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी हाच रोग झाला. त्यांच्या शेवटच्या दिवसांवर यॉर्कशर टेलिव्हिजनने केलेला माहितीपट जुलै १९८२ मध्ये दाखवला गेला. त्याने ब्रिटनमधले जनमत असे हलवले की काही आठवड्यांतच सरकारला नियम कडक करण्याची घोषणा करावी लागली. नऊ महिन्यांची नोकरी कुठल्याही वीस वर्षांच्या यादीत बसत नाही. मात्रा वाढते तसा धोका वाढतो हे खरेच, पण मेसोथेलिओमाच्या बाबतीत ‘इतक्या कमी संपर्काने काही होत नाही’ असे म्हणता येईल अशी सुरक्षित खालची पातळी आजवर कोणाला दाखवता आलेली नाही.

स्त्री-कामगारांचा स्वतंत्र अभ्यास झाला तो १९७२ मध्ये. मुरियल न्यूहाउस आणि सहकाऱ्यांनी पूर्व लंडनच्या बार्किंगमधल्या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात १९३६ ते १९४२ या काळात पहिल्यांदा लागलेल्या नऊशेहून अधिक स्त्रियांचे पुढे काय झाले ते शोधले. फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा दोन्हींचे प्रमाण जास्त निघाले. अशा अभ्यासांत एक व्यावहारिक अडचण हटकून येते आणि ती मला फार बोलकी वाटते. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते. कारखान्याच्या नोंदवहीतली मुलगी आणि मृत्यूच्या दाखल्यावरची म्हातारी एकच आहे हे ठरवणेच कठीण होते. पुरुषाचे नाव जन्मापासून मरेपर्यंत तेच राहते, म्हणून त्याचा माग निघतो. महाराष्ट्रात तर आडनावाबरोबर मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी नवऱ्याचे येते, आणि अनेक घरांत स्वतःचे नावसुद्धा बदलले जाते. अठराव्या वर्षी माहेरच्या नावाने लागलेली कामगार पंचावन्नाव्या वर्षी सासरच्या नावाने दवाखान्यात येते. या दोघी एकच आहेत हे कागदावर सिद्ध करायला तिच्याकडे काय असते?

कारखान्याच्या फाटकाबाहेरचा भाग तर याहून अंधारात राहिला. १९६० मध्ये वॅगनर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या ३३ मेसोथेलिओमा रुग्णांचे वर्णन केले आणि एक वगळता साऱ्यांचा निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध असणे संभवनीय दिसले. त्यांतल्या ११ स्त्रिया होत्या, आणि रुग्णांमध्ये खाणीत कधीही न उतरलेली, केवळ खाणींच्या आसपास राहिलेली माणसेही होती. १९६५ मध्ये न्यूहाउस आणि टॉम्पसन यांनी लंडनमधल्या ७६ रुग्णांचा पूर्वेतिहास तपासला. ३१ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केलेले होते, तर नऊ जणांच्या घरात कोणी ना कोणी ते काम करणारे होते. या नऊ जणांमध्ये नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायका होत्या. इटलीतल्या कासाले मॉन्फेरातो या गावी १९०७ पासून १९८६ पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा मोठा कारखाना चालला. तिथल्या कामगारांच्या १,७८० बायकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने सर्वसाधारण प्रमाणानुसार एखादा मृत्यू अपेक्षित होता, प्रत्यक्षात २१ झाले. कपडे धुणे हे काम कुठल्याही मस्टरवर नव्हते, त्याची मजुरी नव्हती, त्यासाठी मुखपट्टी नव्हती. पण ते कारखान्याचेच काम होते, फक्त कारखान्याने ते घरी पाठवलेले होते. स्त्री-कामगाराचा विचार करताना हा दुहेरी भार धरलाच पाहिजे. दिवसा स्वतः धुळीत, संध्याकाळी स्वतःचे आणि नवऱ्याचे कपडे धुताना पुन्हा धुळीत.

बीजांडकोशाच्या कर्करोगाचा प्रश्न इथे थोडा सविस्तर मांडायला हवा, कारण त्यावर खरा वैज्ञानिक वाद झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये असा निष्कर्ष काढला की अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुस, आवरणे आणि स्वरयंत्र यांच्याबरोबर बीजांडकोशाचाही कर्करोग होतो, आणि त्याला पुरेसा पुरावा आहे. संपर्क आलेल्या स्त्रियांच्या अठरा गटांचे अभ्यास एकत्र केल्यावर बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे पावणेदोन पट आढळले. यावर आक्षेप असा की पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि बीजांडकोशाचा कर्करोग जुन्या काळी एकमेकांपासून ओळखणे अवघड होते. मृत्यूच्या दाखल्यावर बीजांडकोश लिहिलेल्या काही स्त्रियांना प्रत्यक्षात मेसोथेलिओमाच असेल. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. ज्या अभ्यासांत पेशींच्या तपासणीने निदान पक्के केलेले होते तेवढेच घेतले तर वाढ बरीच कमी दिसते, असे २०११ मधल्या दुसऱ्या एका आढाव्याने दाखवले. पण या आक्षेपातून निघते काय, हेही पाहिले पाहिजे. निदान चुकले असेल तर तो मृत्यू एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. अ‍ॅस्बेस्टॉस त्यातून सुटत नाही, उलट स्त्रियांमधला मेसोथेलिओमा आपण कमी मोजत आलो असे ठरते. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी या बायकांचे मृत्यू कारखान्याच्या हिशेबात यायला हवे होते आणि आले नाहीत.

आता सुरुवातीच्या ६२ टक्क्यांकडे. अ‍ॅस्बेस्टॉसशिवाय होणारा मेसोथेलिओमा असतो. छातीवर पूर्वी घेतलेल्या किरणोपचारानंतर तो होऊ शकतो, काही घराण्यांत जनुकीय दोषाने होतो आणि काही वेळा कारण सापडतच नाही. स्त्रियांमध्ये रुग्णच कमी असल्याने अशा रुग्णांचा वाटा टक्केवारीत मोठा दिसणार, हे गणित मान्य केलेच पाहिजे. पण विनाकारण होणारा रोग सगळीकडे आणि सगळ्या काळात साधारण सारख्याच प्रमाणात असायला हवा. ब्रिटनमध्ये स्त्रियांमधला मेसोथेलिओमा गेल्या काही दशकांत वाढत गेला. निसर्ग असा पिढीगणिक वाढत नाही. शाळा, इस्पितळे, कचेऱ्या, घरे यांच्या भिंतींत आणि छतांत जो अ‍ॅस्बेस्टॉस भरला गेला, तोडफोडीत आणि दुरुस्तीत जो हवेत आला, त्याचा हा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे. शिक्षिका, परिचारिका, सफाई कामगार यांना आपण अ‍ॅस्बेस्टॉसजवळ काम केले हे माहीतच नसते, मग त्या ते प्रश्नावलीत सांगणार कशा? ‘संबंध आढळला नाही’ हे वाक्य बऱ्याचदा ‘संबंध विचारता आला नाही’ असे वाचावे लागते.

भारतात आणखी एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो. आपण वापरतो तो पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस, क्रायसोटाइल. तो निळ्याइतका घातक नाही, शिवाय सिमेंटमध्ये घट्ट बसलेला असतो, काळजीपूर्वक वापरला की झाले. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळा अ‍ॅस्बेस्टॉस पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. लँकेशायरच्या गॅस-मास्क करणाऱ्या दोन गटांची तुलना केल्यावर हेच दिसले होते. पण अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन इथल्या कापड कारखान्यात जवळजवळ सगळा वापर पांढऱ्याचाच होता, आणि तिथल्या तीन हजारांवर स्त्री-पुरुष कामगारांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या जवळपास दुप्पट झाले. पांढऱ्यासह सर्व प्रकारचा अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोगकारक आहे, हा आंतरराष्ट्रीय निष्कर्ष कायम आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, ब्राझीलने २०१७ मध्ये, वर्षानुवर्षे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची निर्यात करणाऱ्या कॅनडाने २०१८ मध्ये तो बंद केला. भारत मात्र दरवर्षी लाखो टन आयात करतो आणि त्याचा मोठा भाग छपराच्या सिमेंट-पत्र्यात जातो. पत्रा नवा असताना तंतू बांधलेले असतात हे खरे, पण पत्रा कापला जातो, त्याला भोके पाडली जातात, तो उन्हापावसात झिजतो आणि शेवटी शेड पाडताना फोडला जातो. तो राडारोडा डोक्यावरून वाहणाऱ्यांत बिगारी बायका असतात. त्यांच्यासाठी ‘काळजीपूर्वक वापर’ म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगितलेले नाही.

‘इथे रुग्ण कुठे दिसतात?’ हा प्रश्नही विचारला जातो. शोधले तिथे दिसले आहेत. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. तो शोधता आला, कारण ते कायम कामगार होते आणि त्यांचे काम व नोकरीची वर्षे ठाऊक होती. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यावर पंधरा वर्षे, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. अ‍ॅस्बेस्टॉसिस ठरलेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाईही ठरवून दिली. आजार किती उशिरा येतो याचे भान या आदेशात स्पष्ट दिसते. पण नोंद जपायची तर ती आधी व्हायला हवी. कंत्राटदाराच्या वहीत ‘बायका – ६’ एवढीच नोंद असलेल्या कामगाराची चाळीस वर्षांची फाइल तयार होत नाही. ती खोकत दवाखान्यात गेली की आधी क्षयाची औषधे सुरू होतात, मग चुलीच्या धुरावर बोट ठेवले जाते. धूर खरोखरच अपायकारक आहे आणि क्षय खरोखरच सर्वत्र आहे, म्हणूनच खरे कारण त्यांच्यामागे बिनबोभाट दडते. रॉचडेलमध्ये कुक यांनी सूक्ष्मदर्शक लावून क्षयापलीकडे पाहिले, तेव्हा कुठे खरे कारण दिसले.

नोंद झाली तरी पुरत नाही, हे जपानने दाखवले. ओसाकाजवळच्या सेन्नान परिसरात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारे शेकडो लहान कारखाने होते आणि त्यांत स्त्रिया आणि कोरियन स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. तिथे १९३७ ते १९४० या काळात सरकारी तपासणी झाली, आजार आढळला, तरी दशके काही झाले नाही. २०१४ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने धूळ ओढणारी यंत्रे वेळीच सक्तीची न केल्याबद्दल शासनाला जबाबदार धरले. तोपर्यंत कित्येकजणी वारल्या होत्या.

भारतात बंदीची मागणी चालू राहिली पाहिजे, पण आजवर श्वासात गेलेले तंतू बंदीने परत येणार नाहीत. या क्षणी करता येण्यासारखे काम साधे आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. छातीत पाणी झालेली, दम लागणारी किंवा पोटात पाणी साठलेली कोणतीही स्त्री तपासायला आली तर केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहून डॉक्टरांनी थांबू नये. लग्नाआधी कुठे कामाला होतात, कुठल्या नावाने होतात, किती महिने का होईना पत्रा, ब्रेक-लायनिंग, दोरी, गाद्या, बांधकामाचा राडारोडा यांचे काम केलेत का, नवरा किंवा वडील काय काम करत, त्यांचे कपडे कोण धूत असे, हे पाच प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. कामगार संघटनांनी कंत्राटी बायकांची नावे माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी लिहून ठेवावीत. आणि ज्या वाचकांच्या घरात अशा कारखान्यात किंवा बांधकामावर कधीकाळी काम केलेली आई, मावशी, आत्या असेल, त्यांनी तिला विचारून कारखान्याचे नाव, गाव आणि साल आजच एका कागदावर लिहून तिच्या औषधांच्या फाइलमध्ये ठेवावे.